एक रस्ता, अनेक मुसाफिर : रिंग नेटवर्कमध्ये बोलण्याचा हक्क कोणाला?



कापडाचा व्यापारी माल मागवतो तेव्हा तो कोणत्या मार्गाने येणार, कोठे उतरणार आणि बिल्टी कोणाच्या हाती पडणार, याची त्याला पक्की माहिती असते. भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीहून निघालेल्या गाठी लोणारपर्यंत कशा येतात, हे दुकानातील नोकरही सांगेल. परंतु आज आपली निम्मी देवघेव ज्या तारेवरून होते ती तार कोठून येते आणि तिच्यावर कोणाचा कायदा चालतो, असे विचारले तर बहुतेकजण गप्प बसतात. यूपीआय 2016 मध्ये सुरू झाले. जीएसटी 1 जुलै 2017 रोजी लागू झाला. पाठोपाठ ई-वे बिल आले. आता "नेट गेले" याचा अर्थ "धंदा थांबला" असा होतो. तेव्हा या तारेचा कायदा थोडा तरी समजून घेणे आपल्या फायद्याचे आहे.

या लेखात आपण रिंग नेटवर्क म्हणजे वर्तुळाकार जोडणीची माहिती घेऊ. अनेक यंत्रे एकाच वाटेवर असताना बोलण्याचा हक्क कोणाला मिळतो, तो हक्क पुढे कसा जातो आणि कोठे काही बिघडले तर त्याची खबर सर्वांना कशी होते, हे तीन प्रश्न आहेत. बारी, पावती आणि हिशेब समजणाऱ्या माणसाला हा विषय जड जाणार नाही.

रिंग म्हणजे काय?

लोणारच्या माणसाला रिंग समजावणे सोपे आहे. सरोवराच्या काठाने चालू लागलेला माणूस न वळता चालत राहिला तर जेथून निघाला तेथेच परत येतो. एका बाजूची वाट बंद असेल तर उलट्या बाजूनेही त्याला त्याच ठिकाणी पोहोचता येते. रिंग नेटवर्कची हीच दोन लक्षणे आहेत.

यात पहिल्या यंत्राची तार दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला अशी जोडत जातात आणि शेवटच्याची तार पुन्हा पहिल्याला जोडतात. प्रत्येक यंत्राला नोड म्हणतात. नोड म्हणजे गाठ. प्रत्येक नोडला दोनच शेजारी असतात. एकाकडून संदेश येतो, दुसऱ्याकडे तो पाठवायचा असतो. संदेश आपला नसला तरी तो पुढे देणे प्रत्येकाचे कर्तव्य असते.

अडचण एकच. रस्ता एक आणि मुसाफिर अनेक. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे एकमेकांत मिसळून बिघडते. मग आधी कोणी बोलायचे?

रेल्वेने शिकवलेला धडा

हा प्रश्न संगणकाच्या फार आधी रेल्वेपुढे आला होता. लोणारात रेल्वे नाही, पण आपल्या बुलडाणा जिल्ह्यात जलंब ते खामगाव हा सुमारे 13 किलोमीटरचा फाटा आहे. खामगावच्या कापूस बाजारासाठी तो 1870 मध्ये सुरू झाला. असा लहान फाटा असेल आणि त्यावर एकच गाडी ये-जा करत असेल, तर समोरासमोर टक्कर होण्याचा प्रश्न येत नाही. परंतु लांब एकेरी मार्गावर दोन्ही टोकांना गाड्या उभ्या असतात. मीटर गेजच्या काळात अकोला ते पूर्णा हा मार्ग असाच एकेरी होता. तेथे कोणती गाडी आधी सोडायची?

इंग्लंडमध्ये 10 सप्टेंबर 1874 रोजी नॉर्विच शहराजवळ थॉर्प येथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि 25 माणसे मरण पावली. दोन स्थानकांमधल्या तारसंदेशात गोंधळ झाला होता आणि दोन्ही बाजूंनी गाडी सोडली गेली होती. म्हणजे निरोपाची सोय होती, पण परवाना एकच राहील याची सोय नव्हती. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी 1878 मध्ये एक यंत्र बनवले. त्याच तत्त्वावरचे नील साहेबांचे यंत्र भारतातील एकेरी मार्गांवर दीर्घकाळ चालले. त्यातून लोखंडी गोळा निघतो, म्हणून त्याला गोळ्याचे यंत्र म्हणत.

त्याची रचना अशी. लागोपाठच्या दोन स्थानकांवर एकेक यंत्र असते आणि दोन्ही यंत्रे विजेच्या तारेने बांधलेली असतात. पुढच्या स्थानकाने संमती दिल्याशिवाय या स्थानकाच्या यंत्रातून गोळा निघत नाही. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा गोळा काढता येत नाही. हा गोळा चामडी पिशवीत घालून, वेताच्या मोठ्या कडीसह गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतात. गोळा हाती असेल तरच त्याने पुढच्या मार्गात शिरायचे. पुढच्या स्थानकावर गोळा उतरवून तेथील यंत्रात टाकला की मार्ग पुन्हा मोकळा होतो. शेजारच्या दोन मार्गांचे गोळे एकमेकांच्या यंत्रात बसू नयेत म्हणून त्यांच्या खाचाही वेगवेगळ्या ठेवतात.

गोळ्याबरोबर माहितीही चालते. दोन्ही स्टेशन मास्तर ठरलेल्या घंटांच्या खुणेने विचारतात, उत्तर देतात, गाडी केव्हा निघाली व केव्हा पोहोचली हे वहीत लिहितात. रिंग नेटवर्कमध्येही नेमकी हीच दोन कामे चालतात. एक परवाना फिरतो, आणि परवान्याबरोबर कारभाराची माहिती फिरते.

टोकन : संगणकाचा गोळा

आयबीएम कंपनीने 1985 मध्ये टोकन रिंग नावाची पद्धत बाजारात आणली. तिचे मानक 802.5 या क्रमांकाने ओळखले जाते. वेग आधी सेकंदाला 4 मेगाबिट, म्हणजे 40 लाख बिट होता; पुढे 16 मेगाबिट झाला. बँका, विमा कंपन्या आणि मोठ्या कचेऱ्यांत ती वापरली गेली. आज ती नव्याने कोणी बसवत नाही. तरीही शिकण्यासाठी तिच्यासारखा सोपा नमुना नाही.

टोकन म्हणजे फक्त 24 बिटांचा एक छोटा संदेश. सुरुवातीची खूण 8 बिट, शेवटची खूण 8 बिट आणि मधले 8 बिट नियंत्रणाचे. कोणालाही काही बोलायचे नसते तेव्हा हे टोकन रिकाम्या टांग्यासारखे वर्तुळात फिरत राहते.

व्यवहार पुढील क्रमाने होतो.

1) ज्या नोडला संदेश पाठवायचा आहे तो टोकन येण्याची वाट पाहतो.

2) मोकळे टोकन आले की तो ते धरतो. मधल्या भागातील एक बिट बदलताच टोकनाचा परवाना संपतो आणि तेथून संदेशाची सुरुवात होते. त्यामागे पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि माल, म्हणजे मजकूर, जोडला जातो.

3) मधले सर्व नोड संदेश जसाच्या तसा पुढे देतात. ज्याचा पत्ता आहे तो त्याची नक्कल करून घेतो. मूळ संदेश मात्र तोही पुढेच जाऊ देतो.

4) संदेश वर्तुळ पूर्ण करून पाठवणाऱ्याकडे परत येतो. ज्याने पाठवला त्यानेच तो रस्त्यावरून उचलायचा.

5) त्यानंतर तो नवे मोकळे टोकन सोडतो आणि हक्क पुढच्या शेजाऱ्याकडे जातो.

चौथा मुद्दा व्यापाऱ्याला विशेष आवडावा. संदेश परत येतो तेव्हा त्याच्या शेपटीवर पोचपावती असते. तेथे दोन खुणा असतात. पहिली खूण सांगते की हा पत्ता रिंगवर हजर आहे. दुसरी सांगते की माल उतरवून घेतला. दोन्ही खुणा कोऱ्या असतील तर तो पत्ता हजरच नाही. पहिली आहे पण दुसरी नाही, तर माणूस दुकानात आहे, मात्र माल उतरवून घेऊ शकलेला नाही. दोन्ही असतील तर काम झाले. या खुणा संदेशाच्या तपासणीच्या बेरजेत येत नाहीत, म्हणून खात्रीसाठी त्या दोन-दोनदा लिहितात. पावती दोन प्रतींत करण्याचाच हा प्रकार आहे.

हक्क आहे, पण मुदतीचा

आता कोणी विचारेल की एखाद्याने टोकन धरून ठेवले आणि तासभर बोलतच राहिला तर? तशी मुभा नाही. टोकन हाती ठेवण्याची मुदत ठरलेली असते. मूळ मानकात ती 10 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग होती. 4 मेगाबिटच्या रिंगवर एवढ्या वेळात 40 हजार बिट, म्हणजे 5 हजार बाइट जातात. मुदत संपत आली की बोलणे आवरायचे, टोकन सोडायचे आणि उरलेले पुढच्या फेरीत बोलायचे.

याचा फायदा हिशेबाने पाहा. समजा रिंगवर 50 नोड आहेत आणि सर्वांनाच बोलायचे आहे. प्रत्येकाने पूर्ण 10 मिलिसेकंद घेतले तरी 50 गुणिले 10 म्हणजे 500 मिलिसेकंद. साधारण अर्ध्या सेकंदात प्रत्येकाला संधी मिळणार, हे आधीच सांगता येते. प्रवासाचा वेळ त्यात थोडाच मिळवावा लागतो.

त्या काळातील दुसरी पद्धत इथरनेटची. रॉबर्ट मेटकाफ यांनी 1973 मध्ये ती मांडली. तिच्यात टोकन नव्हते. तार शांत आहे का हे ऐकायचे आणि बोलायला लागायचे. दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबायचे, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. गर्दी कमी असेल तर ही पद्धत चपळ. गर्दी वाढली की बाजाराच्या दिवशी एकाच काउंटरवर सर्वांनी एकदम ओरडावे तसे होई. आपली बारी केव्हा येईल याची हमी नव्हती. टोकनाने ती हमी दिली, पण रांगेत कोणी नसले तरी टोकन येईपर्यंत थांबण्याची किंमत घेतली.

निकडीच्या कामाला वाट

सर्व कामे सारखी निकडीची नसतात. म्हणून टोकनाच्या मधल्या 8 बिटांत 3 बिट अग्रक्रमासाठी आणि 3 बिट नोंदणीसाठी ठेवलेले आहेत. 3 बिटांत 0 ते 7 असे आठ दर्जे लिहिता येतात. उरलेल्या दोन बिटांपैकी एक टोकन व संदेश यांतील फरक दाखवतो आणि दुसरा पहारेकऱ्याचा असतो. त्याविषयी पुढे सांगतो.

नोंदणी अशी होते. दुसऱ्याचा संदेश समोरून जात असताना, निकडीचे काम असलेला नोड त्यावरील नोंदणीच्या जागी आपला दर्जा लिहितो. तेथे आधीच त्याच्याइतका किंवा त्याहून मोठा दर्जा लिहिलेला असेल तर तो खोडता येत नाही. संदेश पाठवणाऱ्याकडे परत आला की तो नोंद पाहतो आणि नवे टोकन त्या दर्जाचे सोडतो. मग कमी दर्जाचा कोणी ते धरू शकत नाही.

यातील पुढची अट फार महत्त्वाची आहे. ज्या नोडने टोकनाचा दर्जा वाढवला, त्याच नोडने निकड संपल्यावर तो खाली आणायचा. ही जबाबदारी तो दुसऱ्यावर ढकलू शकत नाही. ही अट नसती तर एकदा वाढलेला दर्जा तसाच राहिला असता आणि साधे काम असलेले नोड कायमचे ताटकळले असते. बाजारात सवलती अशाच सुरू होतात आणि बंद करायला कोणी पुढे येत नाही, हे आपण पाहतोच.

पहारेकरी कोण?

टोकन ही सर्वांची अमानत आहे. ते हरवले तर? टोकन धरलेल्या यंत्राची वीज गेली तर? किंवा पाठवणाराच बंद पडला आणि त्याचा संदेश बेवारस होऊन फिरत राहिला तर? या कामांसाठी रिंगवरील एक नोड पहारेकरी होतो. हा वेगळा साहेब नव्हे. तोही इतरांसारखाच एक नोड असतो आणि इतर कोणताही नोड हे काम करू शकतो. त्याची कामे अशी आहेत.

पहिले, बेवारस संदेश काढणे. पाठवणारा पहारेकऱ्याचा बिट 0 ठेवून संदेश सोडतो. पहारेकऱ्यासमोरून जाताना तो 1 होतो. तोच संदेश 1 घेऊन पुन्हा आला तर तो दुसऱ्यांदा फिरतो आहे, म्हणजे त्याचा धनी त्याला उचलत नाही. पहारेकरी तो काढून टाकतो.

दुसरे, हरवलेले टोकन. ठरलेल्या वेळात टोकन किंवा संदेश काहीच दिसले नाही तर पहारेकरी रिंग झाडून साफ करतो आणि नवे टोकन सोडतो.

तिसरे, टोकनाला जागा करून देणे. 4 मेगाबिटच्या वेगाला एक बिट तारेवर सुमारे 50 मीटर जागा व्यापतो. 24 बिटांना 24 गुणिले 50 म्हणजे सुमारे 1200 मीटर तार हवी. लहान कचेरीत एवढी तार कोठून येणार? टोकनाची शेपटी निघण्याआधीच त्याचे तोंड परत येईल. म्हणून पहारेकरी 24 बिट थोपवून धरण्याची जागा स्वतःजवळ ठेवतो. वर्तुळ कितीही लहान असो, टोकन त्यात मावते.

चौथे, हजेरी. साधारण दर 7 सेकंदांनी पहारेकरी "मी जागा आहे" असा संदेश फिरवतो. बाकीचे नोड ही हाक ऐकत असतात. सुमारे 15 सेकंद हाक आली नाही तर पहारेकरी गेला असे समजून निवड सुरू होते. इच्छुक नोड आपापला पत्ता पाठवतात आणि ज्याच्या पत्त्याचा आकडा सर्वांत मोठा तो नवा पहारेकरी होतो. भांडण नाही, मतदान नाही. नियम आधीच ठरलेला असल्यामुळे काम क्षणात आटोपते.

शेजाऱ्याची खबर

पहारेकऱ्याच्या हजेरीबरोबर आणखी एक काम होते. प्रत्येक नोड क्रमाने आपले नाव पुढे सांगतो. त्यामुळे आपल्या वरच्या अंगाला कोणता शेजारी आहे, हे प्रत्येकाला कळते. नवे यंत्र जोडले किंवा जुने काढले की ही ओळख पुढच्या फेरीत ताजी होते. नवा नोड आत येताना आपला पत्ता आधीच कोणी वापरत नाही ना, याचीही चौकशी करून मगच आत येतो.

या ओळखीचा उपयोग संकटात होतो. तार तुटली तर तुटलेल्या जागेच्या खालचा नोड ऐकू येणे बंद झाल्याचे ओळखतो आणि लगेच धोक्याची हाक देतो. त्या हाकेत तो स्वतःचे आणि वरच्या शेजाऱ्याचे नाव घालतो. म्हणजे बिघाड या दोघांच्या दरम्यानच आहे, हे हाक पोहोचेल त्या सर्वांना कळते. वरच्या शेजाऱ्याने हाकेत आपले नाव ऐकले की तो रिंगमधून बाजूला होऊन स्वतःची तपासणी करतो. दोष त्याच्यात असेल तर तो बाहेरच राहतो आणि बाकीचे काम पुढे चालू होते. यंत्रमागावर बाणा तुटला की माग थांबतो आणि विणकर नेमका तुटलेला धागा जोडतो. येथेही सगळा माग उसवावा लागत नाही.

दोन वर्तुळांची युक्ती

एकच वर्तुळ असेल तर एका जागी तुटले की सर्वांचे नुकसान. ऐंशीच्या दशकात एफडीडीआय नावाची पद्धत आली. तिच्यात काचेच्या तंतूची दोन वर्तुळे होती आणि त्यांत प्रकाश उलट दिशांनी फिरत असे. वेग सेकंदाला 100 मेगाबिट. तंतू एका जागी तुटला की तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे नोड संदेश दुसऱ्या वर्तुळात वळवत. दोन वर्तुळांचे मिळून एक लांब वर्तुळ तयार होई आणि काम चालू राही.

तिच्यात टोकनाचा कायदाही अधिक बारीक होता. सुरुवातीला प्रत्येक नोड सांगे की टोकन किती वेळात फिरून यायला हवे. सर्वांत कमी वेळ मागणाऱ्याचा आकडा सर्वांसाठी ठरत असे. पुढे प्रत्येकजण स्वतःच्या घड्याळावर टोकनाची फेरी मोजत असे. टोकन लवकर आले तर ज्यादा बोलण्याची मुभा. उशिरा आले, म्हणजे रस्त्यावर गर्दी आहे, तर फक्त ठरलेले निकडीचे बोलायचे आणि टोकन पुढे द्यायचे. त्यामुळे टोकनाला ठरलेल्या वेळेच्या दुपटीहून जास्त उशीर होत नसे. कोणी हुकूम न देता, फक्त घड्याळ पाहून, प्रत्येकजण आपला हात आवरता घेई.

टोकन रिंग मागे का पडली?

पद्धत चांगली असून बाजारात हरली, हे धंदेवाल्याला नवे नाही. इथरनेटची कार्डे अनेक कंपन्या बनवू लागल्या आणि स्वस्त झाली. 1990 मध्ये साध्या टेलिफोनसारख्या तारेवर इथरनेट चालवण्याचे मानक आले, 1995 मध्ये 100 मेगाबिटचा वेग आला. त्यात स्विच नावाची पेटी आली. तिने प्रत्येक यंत्राला स्वतंत्र वाट दिली, त्यामुळे टक्करच उरली नाही. टोकन रिंगचे 100 मेगाबिटचे मानक 1998 मध्ये आले, पण तोपर्यंत गिऱ्हाईक निघून गेले होते.

असे असले तरी रिंग संपली नाही. ती दुकान-कचेरीतून उठून गावे आणि शहरे जोडणाऱ्या मोठ्या मार्गांवर गेली. टेलिफोन कंपन्यांच्या एसडीएच पद्धतीतील वर्तुळे अशीच आहेत. तेथे बोलण्याच्या बारीचा प्रश्न नसतो, कारण प्रत्येकाला ठरलेला वेळभाग मिळतो. पण नियंत्रणाची माहिती तेथेही सतत फिरते. प्रत्येक चौकटीत के-1 आणि के-2 नावाचे दोन बाइट असतात. बिघाड कोणत्या प्रकारचा, कोणासाठी निरोप, कोणाकडून आला आणि कोणत्या बाजूने आला, हे त्यांत लिहिलेले असते. नोडच्या क्रमांकासाठी 4 बिट असल्यामुळे अशा एका सामायिक संरक्षणाच्या वर्तुळात 16 नोडच बसतात. तार तुटली तर 50 मिलिसेकंदांत वाहतूक उलट्या बाजूने वळवणे हे त्यांचे उद्दिष्ट असते.

आजच्या इथरनेट रिंगचे मानक जी.8032 हे 2008 मध्ये आले. तिच्यात एक गंमत आहे. वर्तुळ पूर्ण जोडलेले असते, पण त्यातील एक दुवा मुद्दाम बंद ठेवतात. नाही तर इथरनेटचे काही संदेश गोल फिरतच राहतील, कारण त्यांना उचलणारा टोकन रिंगसारखा धनी तेथे नाही. त्या बंद दुव्याचा राखणदार एक नोड असतो. दुसरीकडे कोठे तार तुटली की तुटलेल्या जागेचे दोन्ही शेजारी सर्वांना निरोप देतात. प्रत्येक नोड जुन्या वाटांची नोंद पुसतो आणि राखणदार आपला दुवा उघडतो. तुटलेली तार जोडली गेली तरी तो लगेच दुवा बंद करत नाही. सहसा 5 मिनिटे थांबून जोड टिकतो का ते पाहतो आणि मग जुनी व्यवस्था आणतो.

आपल्या गावाचा प्रश्न

आता हे सर्व लोणारसारख्या तालुक्याच्या गावी कशासाठी? यासाठी, की ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची केंद्र सरकारची योजना 2011 मध्ये मंजूर झाली आणि 2015 पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. आरंभी बहुतेक ठिकाणी तालुक्यापासून गावाकडे सरळ रेषेत तार टाकली गेली. अशी तार शेपटीसारखी असते. रस्त्याच्या कामात जेसीबीने ती एका जागी तोडली की त्यापुढची सर्व गावे अंधारात. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने 1,39,579 कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात तालुका ते ग्रामपंचायत जोडणी रिंग पद्धतीने करण्याचे ठरले आहे.

कागदावर रिंग असणे आणि जमिनीत रिंग असणे यात फरक आहे. म्हणून व्यापारी संघटनांनी, कारागिरांच्या सोसायट्यांनी आणि ग्रामपंचायत सदस्यांनी पुढील गोष्टी जरूर विचाराव्यात.

1) आपल्या गावाची जोडणी शेपटीची आहे की रिंगची? नकाशा दाखवा.

2) रिंगच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या रस्त्यांनी येतात का? जाणारी व येणारी तार एकाच चरातून टाकली असेल तर एकाच घावात दोन्ही तुटतात. अशी रिंग नावापुरतीच.

3) दोन्ही बाजूंच्या नोडना वीज कोठून मिळते? बॅटरी किती तास चालते? तार शाबूत असूनही वीज नसेल तर नोड मुका होतो.

4) एक बाजू तुटली तर त्याची खबर कोणाला जाते? रिंगमध्ये पहिल्या बिघाडाने गिऱ्हाइकाला काहीच जाणवत नाही. दुरुस्ती लांबली आणि दुसरी बाजूही तुटली की मग सर्व ठप्प. म्हणून पहिला बिघाड लगेच दुरुस्त होणे जास्त महत्त्वाचे.

आपल्या दुकानापुरते बोलायचे तर मोठ्या दुकानदाराने दोन वेगळ्या कंपन्यांची जोडणी ठेवावी, एक तारेची व एक मोबाइलची. लहान दुकानदाराला मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम पुरेसे आहे.

आणि एक सावधगिरी. दुकानात किंवा कारखान्यात साध्या स्विचच्या दोन छिद्रांत एकाच केबलची दोन्ही टोके घालू नका. ते वर्तुळ होते, पण कायद्याशिवायचे वर्तुळ. त्यात टोकन नाही, पहारेकरी नाही आणि बंद ठेवलेला दुवाही नाही. सर्वांना उद्देशून पाठवलेला एक संदेश त्यात वाढत आणि फिरत राहतो आणि काही क्षणांत बिलिंगचा संगणक, प्रिंटर, कॅमेरे सर्व अडकून पडतात. नेट अचानक बंद पडले तर आधी असा वळसा कोठे झाला आहे का, ते पाहावे. हे ओळखून थांबवणारे स्विच मिळतात. पाच-दहा यंत्रे असतील तर तेच घ्यावेत.

तात्पर्य

रिंगमध्ये मालक कोणी नाही, तरी गोंधळ होत नाही. कारण हक्क एका वेळी एकाकडेच असतो आणि तो मुदतीत पुढे द्यावा लागतो. आपला संदेश आपणच उचलायचा असतो. वाढवलेला दर्जा वाढवणाऱ्यानेच खाली आणायचा असतो. पहारेकरी नेमलेला असतो, पण तो गप्प झाला तर त्याची जागा घेण्याचा नियमही तयार असतो. आणि बिघाडाची बातमी कोणी दाबून ठेवत नाही. ती नावानिशी पुढे जाते. यातील एकही नियम सुटला तर उत्तम तारेचे वर्तुळही कामाचे राहत नाही. थॉर्पच्या स्थानकांवर तारयंत्र होते, पण असा नियम पाळायला लावणारे यंत्र नव्हते. गावात नवी तार येईल तेव्हा तिच्या वेगाबरोबर तिच्या नियमांचीही चौकशी करू या.